पेटी बंद असावी की पोर्टची?

कल्याण-नगर महामार्गावर ओतूरहून आळेफाट्याकडे निघालं की पिंपरी पेंढार लागतं. लग्नसराईतल्या एखाद्या संध्याकाळी इथं रस्त्याकडेला अर्धा तास थांबलं तर बेसचे बहुतेक प्रकार कानावरून जातात. कांदा उतरवून परतणारा ट्रॅक्टर आणि त्याच्या छताखाली बसवलेली स्पीकरची पेटी. डिकीत बारा इंची वूफर घेऊन फिरणारी कुणाची तरी कार. वरातीला निघालेला डीजेचा पिकअप आणि त्याच्यासोबत जनरेटर. अंधार पडल्यावर उसाला पाणी द्यायला निघालेला माणूसही दिसतो, खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून. माणूस येतोय हे बिबट्याला आधीच कळावं म्हणून. त्या मोबाइलला बेस नावालाही नसतो आणि त्याचं काही अडतही नाही. बाकीच्या तिघांनी मात्र कधी ना कधी सुताराला, दुकानदाराला किंवा मित्राला विचारलेलं असतं: पेटी सीलबंद करायची की पोर्टची?

उत्तर बहुधा ठरलेलं असतं. "पोर्टची कर, आवाज जास्त येतो." यात खोटं काही नाही, पण जास्त म्हणजे कुठल्या सुराला जास्त, आणि ऐकणारा कुठं बसलाय, हे त्यात येत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. पेटीचा निवाडा वूफरपेक्षा जागा करते. बंद कारमध्ये आणि लहान खोलीत सीलबंद पेटी, उघड्या रानात आणि मांडवात पोर्टची पेटी, आणि पोर्टची लांबी हिशेबानं काढायची तयारी नसेल तर कुठंही सीलबंदच.

मुळात पेटी लागते कशाला, इथून सुरुवात करावी लागेल. स्पीकरचा कोन पुढं जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. सुटा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला की मागची हवा कडेनं वळून पुढं येते आणि पुढच्या दाबाचं उट्टं काढते. बारीक आवाजात हे फारसं घडत नाही, कारण त्यांच्या लहरी लहान असतात. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी मात्र साडेआठ मीटरच्या आसपास असते. बारा इंची स्पीकरला वळसा घालणं तिला काहीच कठीण नाही. म्हणून सुट्या स्पीकरमधून गायकाचा आवाज येतो आणि बेस येत नाही.

टेपरेकॉर्डरच्या काळात खेड्यापाड्यांत यावर एक झकास उपाय होता. मातीचा माठ घ्यायचा, त्याच्या तोंडावर स्पीकर पालथा न घालता उताणा बसवायचा, कडेनं लांबी किंवा कापड भरायचं. आवाज लगेच भरदार व्हायचा. ज्यांनी हे केलं त्यांच्या मनात शास्त्र नसेल, पण ती सीलबंद पेटीच होती, आणि तीही गोल, जाड भिंतीची, म्हणजे थरथर कमी करणारी. मागची हवा माठात कोंडली, पुढची मोकळी सुटली, संपलं.

सीलबंद पेटीचं शास्त्र नीट वापरात आणलं एडगर विल्चर या अमेरिकन माणसानं. १९५४ साली त्याच्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीनं एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला. तोवर चांगल्या बेससाठी कपाटाएवढ्या पेट्या लागत. विल्चरनं स्पीकरच्या कोनाला धरून ठेवणारी गादी मुद्दाम ढिली केली आणि पेटीत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा रबराच्या स्प्रिंगपेक्षा जास्त इमानदार असते, कोन जितका सरकेल तितकाच विरोध करते. त्यामुळं लहान पेटीतून खोलवरचा आणि स्वच्छ बेस मिळू लागला.

पोर्टची पेटी याहून जुनी आहे. बेल लॅब्जमधल्या अल्बर्ट थुरासनं तिच्या पेटंटसाठी १९३० साली अर्ज केला होता आणि १९३२ साली ते मिळालं. कल्पना अशी, की मागची हवा वाया का घालवायची? पेटीला एक नळी लावायची. नळीतली हवा म्हणजे वजन, पेटीतली हवा म्हणजे स्प्रिंग. दोन्ही मिळून एका ठराविक सुरावर डोलतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो घुमारा निघतो, तो याच नियमानं. त्या सुराच्या आसपास नळीतून निघणारी हवा कोनाच्या हवेच्या साथीला येते आणि बेस वाढतो. पण पुढची तीस वर्षं पोर्टची पेटी हे बरंचसं अंदाजपंचे काम राहिलं. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन अभियंत्यानं १९६१ साली तिचं गणित मांडलं. अमेरिकेतल्या ध्वनी-अभियंत्यांच्या नियतकालिकात ते पुन्हा छापून यायला १९७१ साल उजाडलं, आणि मग कुठं जगानं दखल घेतली. सिडनी विद्यापीठात काम करणाऱ्या रिचर्ड स्मॉलनं १९७२-७३ मध्ये सीलबंद आणि पोर्टच्या दोन्ही पेट्यांचं गणित पुरं केलं. आज कुठल्याही बऱ्या वूफरच्या खोक्यात एक कागद असतो आणि त्यावर थील-स्मॉल आकडे छापलेले असतात. आपल्याकडे हा कागद खोक्याबरोबरच उकिरड्यावर जातो. सगळा घोळ इथून सुरू होतो.

त्या कागदावरचे तीन आकडे पुरेत. एक, स्पीकर मोकळा असताना ज्या सुरावर आपोआप डोलतो तो सूर, एफएस. दुसरा क्यूटीएस, म्हणजे हललेला कोन स्वतःला किती चटकन आवरतो त्याचं माप. आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट. तिसरा व्हीएएस, म्हणजे किती लिटर हवेची स्प्रिंग त्या स्पीकरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी कडक आहे ते. समजा बारा इंची वूफर आहे, एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३८ आणि व्हीएएस ६० लिटर. यावर सपाट, न फुगणारी सीलबंद पेटी काढली तर ती जेमतेम २४ लिटरची येते, आणि बेस ५२ हर्ट्झच्या खाली उतरू लागतो. तोच वूफर पोर्टच्या पेटीत घातला तर पेटी ५६ लिटरची लागते, पोर्ट २८ हर्ट्झवर जुळवावा लागतो आणि बेस पार २८ हर्ट्झपर्यंत जातो. पेटी दुपटीहून मोठी, बेस जवळजवळ एक सप्तक खाली. इथवर पोर्टचं पारडं जड दिसतं.

आता पुढचं. सीलबंद पेटीत तो बेस खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलनं ओसरतो. पोर्टच्या पेटीत २४ डेसिबलनं. म्हणजे एक लांब उतारावरून खाली येते आणि दुसरी टोकापर्यंत सपाट चालून कड्यावरून कोसळते. शिवाय २८ हर्ट्झच्या खाली पोर्टच्या पेटीत हवेची स्प्रिंग उरतच नाही, कारण हवा नळीतून सरळ ये-जा करते. कोनाला धरायला कुणी नसतं. अशा वेळी खोल सुराचं गाणं मोठ्यानं लावलं तर आवाज वाढत नाही, कोन नुसता फडफडतो, आणि शेवटी एकतर तो फाटतो किंवा कॉइल आपटून खराब होते. म्हणून पोर्टच्या पेटीला सबसॉनिक फिल्टर लागतोच, पोर्टच्या सुराच्या थोडा खाली लावलेला. आपल्या उदाहरणात २४-२५ हर्ट्झवर. अँपवर हे बटण असतं, पण ते कशासाठी आहे हे न कळल्यानं अनेकांनी ते बंद ठेवलेलं असतं. फिल्टरमुळं बेस कमी होतो असा समज आहे. कमी होतो तो ऐकू न येणारा भाग.

पोर्टच्या लांबीचा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालण्यासारखा आहे. आपली ५६ लिटरची पेटी आतून ३५ बाय ४० बाय ४० सेंटिमीटरची धरू. पिंपरी पेंढारच्या परिसरात पीव्हीसी पाइपला तोटा नाही. ठिबकच्या आणि पाइपलाइनच्या कामातले तुकडे प्रत्येक गोठ्यामागं पडलेले असतात. त्यातला चार इंची, म्हणजे आतून साधारण दहा सेंटिमीटरचा तुकडा घेतला, तर २८ हर्ट्झसाठी त्याची लांबी सुमारे ४६ सेंटिमीटर हवी. पेटीची सर्वांत लांब बाजूच ४० ची. म्हणजे पाइप सरळ मावत नाही, एल्बो लावून वळवावा लागतो, आणि त्याचं आतलं टोक भिंतीपासून निदान पाइपाच्या व्यासाइतकं लांब ठेवावं लागतं. पाइप पेटीत जेवढी जागा खातो, चारेक लिटर, तेवढी पेटी मोठी करावी लागते ती वेगळीच.

एवढी यातायात सहसा कुणी करत नाही. सुतार हाताला येईल तो पंधरा सेंटिमीटरचा तुकडा भोकात बसवतो आणि पेटी पोर्टची झाली असं जाहीर होतं. तिचा सूर लागतो ४३ हर्ट्झवर. आता ४३ च्या आसपासचा एकच पट्टा फुगतो आणि प्रत्येक गाण्यात तोच एक 'धुम्म' ऐकू येतो. गाणं कोणतंही असो, बेसची पट्टी एकच. दुकानात ऐकताना हे दणदणीत वाटतं, कारण दुकानात दोन मिनिटं ऐकतो. घरी आठवडाभरात डोकं उठतं. पोर्टच्या पेटीला लोक नावं ठेवतात ती बहुतेक या पंधरा सेंटिमीटरच्या पाइपामुळं.

मग मोठा पाइप घालू, असंही कुणी म्हणेल. लहान पाइपातून जोरानं हवा गेली की फुसफुस आवाज येतो, हे खरं. पण सहा इंची पाइप घेतला तर त्याच सुरासाठी लांबी एक मीटरच्या वर जाते. म्हणून मोठ्या पेट्यांत गोल पाइपाऐवजी प्लायचीच चपटी, दुमडलेली वाट करतात.

पोर्ट बरोबर जुळला की नाही, हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. मोबाइलवर टोन जनरेटरचं कोणतंही अॅप घ्यावं, पेटीला जोडून आवाज मध्यम ठेवावा आणि ६० हर्ट्झपासून एकेक पायरी खाली यावं. कोन आधी हलताना दिसतो. हळूहळू त्याचं हलणं कमी होत जातं आणि एका आकड्यावर तो जवळजवळ थांबतो. त्याच वेळी पोर्टच्या तोंडाशी हात धरला तर वारा लागतो, अगरबत्ती धरली तर धूर फेकला जातो. तो आकडा म्हणजे पेटीचा सूर. त्याच्या खाली गेलं की कोन पुन्हा जोरात हलू लागतो, आणि इथं आवाज वाढवायचा मोह आवरायचा. कोन थांबलेला असताना सर्वांत खोल आवाज येतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. सगळं काम त्या क्षणी नळीतली हवा करत असते.

आता कारचं बघू, कारण इथं बहुतेक जण पैसे चुकीच्या ठिकाणी घालतात. बंद कारच्या आतल्या जागेत एक गंमत होते. आतली लांबी अडीच-पावणेतीन मीटरची असेल तर ६०-७० हर्ट्झच्या खाली लहरीला पसरायला जागाच उरत नाही. वूफर सरळ संपूर्ण कारमधल्या हवेचा दाब वरखाली करू लागतो. त्यामुळं खाली जावं तसा दर सप्तकाला सुमारे १२ डेसिबलपर्यंत फायदा मिळतो. सीलबंद पेटीचा उतारही १२ डेसिबलचाच. एक खाली ओढते, दुसरी तेवढंच वर उचलते, आणि २४ लिटरच्या लहानशा पेटीतून वीस-पंचवीस हर्ट्झपर्यंत सरळ बेस येतो. प्रत्यक्षात दारांच्या फटी आणि पत्र्याची थरथर यांनी फायदा थोडा घटतो; काच खाली केली तर आणखी घटतो. तरीही कारमध्ये सीलबंद पेटी हा बिनतोड सौदा आहे. डिकीत सिलिंडर, स्टेपनी, आळेफाट्याच्या बाजारातला भाजीपाला, सगळं मावलं पाहिजे ना. पोर्टची पेटी कारमध्ये घालणाऱ्याला गाडीबाहेरच्यांना ऐकवायचं असतं. तो निराळा हेतू झाला, आणि त्या हेतूसाठी त्याची निवड बरोबरच आहे.

ट्रॅक्टरला सहसा केबिन नसते. हीच सीलबंद पेटी तिथं नेली की वर सांगितलेली सगळी मदत गायब होते. इंजिनाचा आवाज, वारा, आणि चारी बाजूंना मोकळं रान. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, आणि परत फेकायला भिंत नसते. इथं सीलबंद पेटी ५२ हर्ट्झच्या खाली खरोखरच मुकी होते. ट्रॅक्टरवर पोर्टची पेटी असावी, मात्र पोर्टचं तोंड खाली किंवा मागं आणि त्यावर जाळी. नांगरटीची धूळ नळीतून आत गेली की कॉइलच्या फटीत बसते आणि खरखर सुरू होते. धुळीच्या बाबतीत सीलबंद पेटीला तोड नाही, एवढं तिच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

घराचं उत्तर घर कसं बांधलंय त्यावर आहे. दहा बाय बाराची, स्लॅबची, विटांच्या भिंतींची खोली असेल तर साधारण ४७ हर्ट्झच्या खाली तीही कारसारखी मदत करू लागते, दार-खिडक्या लावलेल्या असल्या तर. पेटी कोपऱ्यात सरकवली की आणखी. अशा खोलीत टीव्हीला जोडायला लहान सीलबंद सबवूफर पुष्कळ झाला. पत्र्याच्या खोलीत बेस बाहेर निसटतो आणि वर पत्रा खडखडतो. तिथं कुठलाही सबवूफर आणला तरी आधी पत्र्याचे हूक आवळावे लागतील. बाजारात मिळणारे स्वस्त होम थिएटर संच जवळपास सगळे पोर्टचेच असतात. त्यांची पेटी इतकी लहान असते की पोर्ट खोल जुळवताच येत नाही, म्हणून तो वरच्याच पट्टीवर जुळवून ठेवतात. सिनेमातला स्फोट आणि दार आपटणं, दोन्ही एकाच सुरात वाजतं.

'सीलबंद बेस फास्ट असतो, पोर्टचा स्लो' हे वाक्य कार-ऑडिओवाल्यांच्या तोंडी नेहमी असतं. अर्धं खरं. पोर्टच्या पेटीत सूर जुळवलेल्या जागी आवाज उशिरानं उठतो आणि उशिरानं विझतो. पण पोर्ट २८ हर्ट्झवर जुळवला असेल तर ही दिरंगाई २८ च्या आसपास होते, आणि तिथं ढोलकीही नसते, हलगीही नसते. ढोलकीच्या थापेची धार तर सबवूफरच्या हद्दीतच येत नाही, ती वरच्या स्पीकरमधून येते. पंधरा सेंटिमीटरच्या पाइपाची पेटी मात्र खरंच स्लो वाटते, कारण तिची दिरंगाई ४३ हर्ट्झवर, ऐन बास गिटारच्या खालच्या तारेशेजारी होते. त्या तारेचा सूर ४१ हर्ट्झचा असतो.

पिंपरी पेंढारच्या या जुन्नर तालुक्यात मोठ्या आवाजाचं मूळ ठिकाण शोधायचं तर नारायणगावाकडं बघावं लागतं. तमाशापंढरी म्हणतात ती हीच. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या इथं लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. मोठ्या फडाचा स्वतःचा जनरेटर, स्वतःचे दिवे, स्वतःचा साउंड. आता नीट पाहिलं तर तमाशाच्या मुख्य अंगाला, म्हणजे गण-गौळण, बतावणी आणि वगाला, सबवूफर लागतच नाही. तिथं शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे आणि ढोलकी-तुणतुणं कानात वाजलं पाहिजे. बैलगाडा शर्यतीच्या घाटावरचा निवेदक याचं आणखी टोकाचं उदाहरण. जुन्नर-आंबेगावच्या घाटांवर शर्यती परत सुरू झाल्या त्या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२१ च्या परवानगीनंतर. तिथं कर्णेच हवेत, कारण बारी, म्हणजे शर्यतीची फेरी, सुटताना बैलांची आणि मालकाची नावं स्पष्ट ऐकू येणं हेच काम. तमाशाला बेस लागायला लागला ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आल्यावर. फिल्मी गाण्यांच्या भागात ऑक्टोपॅडचा ठोका छातीत बसला नाही तर पब्लिक हूं का चूं करत नाही, अशी फडवाल्यांची अडचण.

मांडवात आणि वरातीत पोर्टची पेटी का जिंकते, याचं कारण पैशात मोजता येतं. स्मॉलच्या गणितानुसार पेटीचा आकार आणि बेसची खोली तीच ठेवली तर पोर्टची पेटी सीलबंदपेक्षा सुमारे ३ डेसिबल जास्त कार्यक्षम करता येते. ३ डेसिबल ऐकायला फारसे वाटत नाहीत. पण ते अँपमधून काढायचे म्हटलं तर वॅट दुप्पट करावे लागतात. म्हणजे दुप्पट अँप, मोठा जनरेटर, जास्त डिझेल. हप्त्यावर पिकअप घेतलेल्या पोराला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. त्यामुळं अठरा इंची जोडीचे डबल बेस बहुतेक पोर्टचेच असतात, सहसा ३५-४० हर्ट्झच्या आसपास जुळवलेले. दोन पेट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या की आणखी फायदा होतो, वॅट दुप्पट झाल्याचे ३ आणि एकमेकींना साथ दिल्याचे ३, मिळून ६ डेसिबल. म्हणूनच बेसची भिंत रचतात, रांगेत पसरून ठेवत नाहीत.

मग त्या पेट्या २५ हर्ट्झवर का जुळवत नाहीत? हॉफमनचा नियम आड येतो. अँटन हॉफमन हा केएलएच या अमेरिकन कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक. त्याचं म्हणणं असं, की खोल बेस, लहान पेटी आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. पिकअपच्या हौद्याची रुंदी ठरलेली, आवाज तर हवाच. मग सोडायचं काय, तर शेवटचं दहा-पंधरा हर्ट्झचं तळघर. सोडलं तरी वरातीत कुणाच्या लक्षात येत नाही. सीलबंद पेटी तिन्हींतला आवाज सोडते, आणि पिकअपवर नेमकं तेच परवडत नाही.

डीजेच्या धंद्यात खरी गफलत आहे ती नकलेत. पुण्या-मुंबईकडं कुणाची तरी पेटी चांगली वाजते, तिचं माप टेपनं घेतलं जातं आणि गावाकडं सुतार तशीच पेटी ठोकतो. आत स्पीकर मात्र दुसऱ्या कंपनीचा. बाहेरून जुळी भावंडं, आतला हिशेब पूर्ण वेगळा. क्यूटीएस ०.३० च्या स्पीकरसाठी काढलेल्या पेटीत ०.५० चा स्पीकर घातला की बेस फुगतो, घोगरा होतो, आणि दोष अँपला दिला जातो. ढोबळ कसोटी अशी आहे: एफएसला क्यूईएस या शेजारच्या आकड्यानं भागायचं. उत्तर ५० च्या खाली आलं तर स्पीकर सीलबंद पेटीचा, १०० च्या वर गेलं तर पोर्टचा, मधलं असेल तर दोन्हीकडं चालतो. आपल्या उदाहरणातला क्यूईएस ०.४१ धरला तर उत्तर ६८ येतं, म्हणून तो दोन्हीत बसला. ही कसोटी ढोबळच आहे, पण नकलेपेक्षा शंभर पट बरी.

या प्रश्नाला सार्वजनिक बाजूही आहे आणि ती टाळून आढावा पुरा होणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतल्या कमी आकड्याच्या वर जाता कामा नये. सप्टेंबर २०१८ मध्ये साउंडवाल्या व्यावसायिकांची संघटना विसर्जन मिरवणुकीतल्या डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, न्यायालयानं दिलासा दिला नाही.

पण या डेसिबलला 'ए' हे शेपूट आहे. माणसाचा कान खालचे सूर कमी ऐकतो, म्हणून मीटरही ते कमी मोजतो. ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे हद्दीवर ५० हर्ट्झचा नुसता बेस १०० डेसिबलचा असला तरी मीटर ७० दाखवणार. प्रत्यक्षात गाण्यात वरचे सूर असतात आणि तेच मीटरला पकडतात. त्यामुळं पोलिसांनी मीटर काढला की ऑपरेटर टॉपचा, म्हणजे वरच्या सुरांच्या स्पीकरचा, आवाज कमी करतो आणि बेस तसाच ठेवतो. कायदा पाळल्यासारखा दिसतो, आणि शेजारच्या घरातल्या भांड्यांचा थरथराट चालूच राहतो. बारीक आवाज भिंत अडवते, बेसला साधी वीट अडवू शकत नाही. पोर्टच्या मोठ्या पेट्यांनी ही तक्रार वाढवली हे मान्य करावं लागेल, कारण तेवढाच बेस सीलबंद पेट्यांतून काढणं कुणालाच परवडलं नसतं. नियमात बेसचं वेगळं माप असायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. मीटरवर 'सी' नावाचं बटण बऱ्याचदा असतं, ते खालचे सूर जवळपास पूर्ण मोजतं.

दोन्हींच्या मधल्या आणि पलीकडच्या पेट्यांवर फार वेळ घालवत नाही. बँडपास पेटीत वूफर आतच लपलेला असतो, आवाज फक्त पोर्टमधून येतो. एकाच पट्ट्यात दणका देते आणि बिघाड ऐकू येऊ देत नाही, त्यामुळं कॉइल जळेपर्यंत पत्ता लागत नाही. दुमडलेल्या कर्ण्याच्या पेट्या, ज्यांना धंद्यात स्कूप म्हणतात, लांब फेकतात पण जागा फार खातात. ब्लूटूथ स्पीकरच्या दोन्ही टोकांना जे थरथरणारे पडदे दिसतात ते पॅसिव्ह रेडिएटर. नळीला जागा नाही म्हणून नळीतल्या हवेच्या जागी वजनदार पडदा बसवलाय. कुळ पोर्टचंच.

पेटी करून घ्यायची असेल तर सुताराकडं कागद घेऊन जावं, फोटो नको. १८ मिलिमीटरचा चांगला प्लाय घ्यावा. एमडीएफ जड आणि ठस असतं, पण ओतूर-जुन्नरच्या पट्ट्यातला पावसाळा त्याला सोसत नाही. कडेनं पाणी शोषलं की फुगतं. सांध्यांना फेव्हिकॉल भरपूर, स्क्रू दहा-बारा सेंटिमीटरवर, आणि आत आडवी पट्टी. सीलबंद पेटी खरंच सीलबंद झाली का, हे पाहायला कोन तळहातांनी अलगद आत दाबावा आणि सोडावा. रेंगाळत परत आला तर पेटी घट्ट आहे. पटकन उसळला तर कुठंतरी फट आहे, बहुधा टर्मिनलच्या भोकाशी. सीलबंद पेटीत गादीवाल्याकडचा पॉलिस्टर कापूस सैल भरला की पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते, दहा-वीस टक्क्यांचा फायदा. पोर्टच्या पेटीत तो गच्च भरायचा नाही, पोर्टची ताकदच जाते.

आणि डीजेच्या पेट्या पावसाळ्यात चार महिने गोदामात पडून राहतात, तेव्हा पोर्टच्या तोंडाला जाळी हवीच. उंदराला नळी, आतला अंधार आणि कापूस यांहून सोयीची जागा मिळत नाही. तो पहिल्यांदा वायर खातो आणि मग कोनाची कड.